फोन गुरुजी झाला तर?

श्रावणातली गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यातील एका गावाहून निरोप आला की, सोयाबीन पिवळे पडू लागले आहे, एकदा येऊन पाहून जा. काळी भारी जमीन, त्यात आठ दिवसांची झड आणि सखल भागात पाणी तुंबलेले. मी दुपारी वस्तीवर पोचलो तेव्हा ओसरीवर युरियाची दोन पोती उभी होती.

"साहेब, तुमची वाट बघत होतो, पण दम निघंना," शेतकरी म्हणाले. "काल पोरीनं पानाचा फोटो काढून फोनला विचारलं. फोन म्हणतो नत्र कमी पडलंय, युरिया द्या. म्हणून पोती आणली. टाकू का?"

पोरगी नववीत शिकणारी. दाराआडून ऐकत उभी होती. मी तिला बोलावले आणि विचारले, "बाळ, पिवळी पाने शेंड्याची आहेत की बुडाची?"

ती गप्प. मग म्हणाली, "काका, मी एकच पान तोडून आणलं होतं. कुठलं ते बघितलं नाही."

आम्ही तिघे शेतात गेलो. मी काही सांगितले नाही, फक्त तिला झाडाजवळ बसवले आणि पाहायला लावले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "शेंड्याची पिवळी आहेत, बुडाची हिरवी आहेत. आणि पिवळ्या पानाच्या शिरा पण हिरव्याच आहेत."

शेतकरी बंधु-भगिनींनो, सगळे उत्तर या दोन वाक्यांत होते. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते, म्हणून आधी बुडाची पाने पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. जुन्या पानात गेलेले लोह झाडाला सहजी काढून घेता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. चुनखडीच्या जमिनीत पाणी तुंबले की असे हमखास होते. पानांवर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे असते आणि पानाखाली पांढरी माशी दिसली असती तर पिवळा मोझॅक म्हणालो असतो. तेही येथे नव्हते.

मग खुरप्याने एक झाड मुळांसकट अलगद काढले. ओढ्याच्या पाण्यात मुळे धुतली. मुळांवर गाठी होत्या. मुलीला एक गाठ नखाने फोडायला सांगितली. आत गुलाबी निघाली. गाठीत अशी लाली असली म्हणजे तिथले जिवाणू हवेतले नत्र धरून झाडाला देत आहेत, असे समजावे. घरचा कारखाना असा चालू असताना युरियाचे पोते फोडण्याचे कारण नव्हते. तुंबलेले पाणी काढून देणे आणि कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हिराकसाची, म्हणजे फेरस सल्फेटची, अर्धा टक्का फवारणी, एवढेच काम होते.

परत ओसरीवर आल्यावर मुलीने माझ्यासमोरच फोन पुन्हा हातात घेतला. या खेपेला तिने लिहिले: पाने शेंड्याची पिवळी, शिरा हिरव्या, जमीन चुनखडीची, पाणी साचलेले, मुळांवरच्या गाठी आतून गुलाबी. यंत्राने लगेच लोहाची कमतरता सांगितली आणि पाण्याचा निचरा करण्यासही सांगितले.

शेतकरी माझ्याकडे पाहून हसले. "मग काल का नाही सांगितलं यानं?"

काल त्याला एक पान दाखवले होते. आणि कोणते पान, हे त्याने उलट विचारले नाही.

आमचे गाव आणि नसलेली नदी

चहा होईपर्यंत मुलीच्या वह्या चाळल्या. मराठीच्या वहीत 'आमचे गाव' या विषयावर निबंध होता. अक्षर मोत्यासारखे. शुद्धलेखनाची चूक शोधून सापडेना. गावाच्या कुशीतून खळखळत वाहणारी नदी, भोवती हिरव्यागार डोंगरांच्या रांगा, पहाटे देवळातून येणारा घंटानाद. मी तो मोठ्याने वाचू लागलो. आजी चुलीपुढून उठून बाहेर आल्या.

"ही नदी कुठं हाय गं?" त्यांनी नातीला विचारले.

त्या गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तो दिवाळीनंतर कोरडा पडतो. डोंगर तर नजरेच्या टप्प्यात नाही. मुलगी लाजली आणि म्हणाली, "फोननं लिहून दिलं. वर्गात सगळ्यांनी असंच आणलं होतं."

मला युरियाची पोती आठवली. तिथे यंत्राला शेत ठाऊक नव्हते, इथे गाव ठाऊक नव्हते, आणि दोन्ही वेळा उत्तर मात्र ठाम होते. पोती परत करता आली. नववीतले वर्ष तसे परत करता येत नाही, म्हणून हा लेख लिहिण्याचे मनात आले. आज पुष्कळ घरांत मुले अभ्यासाला फोन घेऊन बसतात. आई-बापांना बरे वाटते की लेकरू शिकते आहे. ते खरोखर शिकते आहे की नाही, हे कशावरून ओळखावे?

हे यंत्र आहे तरी काय?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आता सर्वांच्या कानावरून गेला आहे. चॅटजीपीटी नावाचे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर तशीच आणखी बरीच आली. आपल्याशी गप्पा मारल्यासारखी ती उत्तरे देतात. मराठीत बोलूनही त्यांना विचारता येते.

त्यांची रीत थोडक्यात अशी. पुस्तके, वर्तमानपत्रे, लेख असा अफाट मजकूर संगणकाला पुरवलेला असतो. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब तो त्यातून शिकतो. आपण प्रश्न टाकला की त्या हिशेबाने तो एकेक शब्द जोडत उत्तर रचतो. बाजाराहून रात्री परतताना गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल गाडी घरी आणतात, कारण ती वाट त्यांच्या पायाखालची असते. पण त्याच वाटेवर काल नवी चारी खोदलेली असेल तर? बहुतेक वेळा यंत्र बरोबर घरी आणते. ज्या दिवशी चुकते, त्या दिवशीही त्याची चाल तितकीच सरळ असते, त्याच्या बोलण्यावरून ती चूक ओळखू येत नाही. इंग्रजीच्या मानाने मराठीत संगणकावर आलेला मजकूर थोडा आहे, त्यामुळे मराठीतल्या आणि त्यातही खेड्यातल्या गोष्टींविषयी त्याच्या चुका अधिक होतात.

'आमचे गाव' हा निबंध सांगितला की शेकडो निबंधांत असलेली नदी आपोआप आपल्या गावात येते, ती अशी.

पुणे आकाशवाणीचा जुना धडा

नवे यंत्र आले आणि आता खेड्यातले शिक्षण पालटणार, असे बोलणे ही पहिली वेळ नव्हे. आमच्या विस्तार खात्यात एक जुनी गोष्ट सांगितली जाते, ती येथे मुद्दाम देतो.

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली. गावोगावी वीसेक माणसांची श्रोतेमंडळे केली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा शेती आणि ग्रामजीवनाचा कार्यक्रम लागे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी ऐकलेल्यावर चर्चा करीत. आपल्या गावात हे जमेल का, जमत नसेल तर अडचण कोणती, असे बोलणे होई. उरलेल्या शंका लिहून पुण्याला पाठवीत आणि आकाशवाणी पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे देई.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. पॉल न्यूराथ या अभ्यासकाने ते काम पाहिले. श्रोतेमंडळाची गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे अशी तुलना केली. श्रोतेमंडळांच्या गावांत लोकांचे ज्ञान पुष्कळ वाढलेले दिसले. जेथे मंडळ नव्हते तेथे, रेडिओ असला तरी, फारसा फरक पडला नव्हता. रेडिओ दोन्हीकडे तोच होता. एकीकडे ऐकल्यावर माणसे बोलत होती, भांडत होती, पुन्हा विचारत होती. दुसरीकडे नुसते ऐकत होती. या प्रयोगानंतर १९५९ पासून देशभर अशी श्रोतेमंडळे सुरू झाली.

आता म्हणाल, रेडिओ एकतर्फी बोलतो, हे यंत्र तर उलट बोलते. खरे आहे. म्हणून अलीकडचा एक दाखलाही पाहू.

२०२३ मध्ये तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे हजार मुलांवर गणिताचा प्रयोग केला. मुलांचे तीन गट केले. पहिला गट वही-पुस्तकावर सराव करी. दुसऱ्याला सरावाच्या वेळी साधे चॅटजीपीटीसारखे यंत्र दिले, जे विचारले की उत्तर देई. तिसऱ्या गटाच्या यंत्राला शिक्षकांनी आधीच बजावून ठेवले होते की, उत्तर सांगायचे नाही, पायरी-पायरीने सूचना द्यायची, आणि मुले या उदाहरणात कोठे चुकतात तेही त्याला शिकवून ठेवले होते.

सरावात यंत्रवाल्यांची सरशी झाली. वही-पुस्तकवाल्यांपेक्षा दुसऱ्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी आणि तिसऱ्या गटाचे १२७ टक्क्यांनी वाढले. मग यंत्रे काढून घेतली आणि परीक्षा घेतली. आयते उत्तर घेणारा दुसरा गट, ज्यांनी यंत्राला हातच लावला नव्हता त्यांच्यापेक्षाही १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसरा गट मागे पडला नाही. पण पहिल्या गटाच्या पुढेही गेला नाही. मला सर्वांत अधिक लागले ते हे की, मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलो आहोत याची जाणीवच नव्हती.

हे वाचताना मला कॉलेजातले मृदाशास्त्राचे प्राध्यापक आठवले. ते ओल्या मातीचा गोळा प्रत्येकाच्या हातावर ठेवीत आणि विचारीत, "सांगा, कोणती?" आम्ही पुस्तक उघडू लागलो की पुस्तक मिटायला लावीत. अंगठा आणि बोट यांत माती दाबून फीत काढायची. फीत लांब निघाली तर चिकणमाती जास्त, लगेच तुटली तर कमी, आणि खरखर लागली तर वाळू. एकेका विद्यार्थ्याची चूक झाली की ते पुन्हा तोच गोळा देत. उत्तर ते कधी सांगत नसत. त्या वेळी आम्हांला त्यांचा राग येई. आज तीस वर्षांवर झाली, पुस्तकातले तक्ते विसरलो, पण बोटे विसरलेली नाहीत.

फायदा नाही असे नाही

मी या यंत्राच्या विरुद्ध नाही. ज्या घरात शिकवणीला पैसे नाहीत, आई-बापांचे शिक्षण चौथी-सातवीपर्यंतचे, आणि शाळेत एका खोलीत दोन-तीन वर्ग एकाच गुरुजींच्या अंगावर, त्या घरातल्या मुलाला संध्याकाळी अडलेले विचारायला कोण असते? वर्गात मागच्या बाकावर बसणारे पोर हात वर करीत नाही, कारण मुले हसतात. यंत्र हसत नाही. तीच गोष्ट दहा वेळा विचारली तरी चिडत नाही. इंग्रजीचे वाक्य मराठीत समजावते, अपूर्णांक भाकरीच्या तुकड्यांवरून सांग म्हटले तर तसे सांगते. हा लाभ लहान नाही.

शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक निष्कर्ष मांडला होता. त्यांच्या प्रयोगांत, एकेकट्याला शिकवणी मिळालेला मध्यम मुलगा नेहमीच्या वर्गात शिकणाऱ्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे गेला होता. पुढच्या संशोधनात एवढा मोठा फरक क्वचितच आढळला. पण वैयक्तिक लक्ष मिळाले की मूल पुढे जाते, हे खरेच आहे. श्रीमंताच्या मुलाला ते नेहमीच मिळत आले. आपल्या मुलांना ते यंत्राकडून थोडेफार मिळाले तर कोणाला नको आहे?

गुरुजींनाही उपयोग आहे. एकाच धड्यावर सोपी, मध्यम आणि कठीण अशी तीन प्रकारची उदाहरणे काढून घेणे, प्रश्नपत्रिकेचा कच्चा खर्डा करणे, ही रात्रीची कामे यंत्र घटकाभरात करते. वाचलेला वेळ मुलांकडे गेला तर सोन्याहून पिवळे. मात्र घरून लिहून आणलेला निबंध हा मुलाच्या अभ्यासाचा पुरावा राहिलेला नाही, हे गुरुजींनी आणि आपणही मान्य करावे. समोर उभे करून तोंडी विचारणे, वर्गातच लिहून घेणे, परिसरात नेऊन पाहायला लावणे, या जुन्या गोष्टींना आता पुन्हा मोल येणार असे मला वाटते. माझा अंदाज आहे, चूकही ठरेल.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२४ साली खेड्यांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना फोनविषयी विचारले होते. ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. आणि फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, मुली २७ टक्के. उद्या शिकणे फोनवर आले, तर फोन कोणाच्या हातात राहतो यावर शिकणे ठरेल. ज्या घरात एकच फोन आहे तेथे मुलीचीही वेळ ठरवून द्या. भावाचे पाहून झाल्यावर, बॅटरी संपत आली की तिला, असे करू नका.

दशांश चिन्हाची किंमत

त्या दिवशी ओसरीवर आणखी एक गोष्ट झाली, ती सांगितली पाहिजे. अर्धा टक्का फवारणी म्हणजे १५ लिटरच्या पंपाला हिराकस किती, हे वडिलांनी मुलीला विचारले. तिचा हात फोनकडे गेला. मी म्हटले, "आधी तू कर, मग त्याला विचार."

तिने पाटीवर मांडले. शंभर लिटर पाण्याला अर्धा किलो, म्हणजे ५०० ग्रॅम. मग एका लिटरला ५ ग्रॅम. १५ लिटरला ७५ ग्रॅम. शेकडेवारीचा धडा सातवीत झाला होता, तिला गुणही चांगले होते. पण टक्का म्हणजे पंपात पडणारी पूड, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळले असे तिनेच सांगितले. नंतर फोनला विचारले. त्यानेही ७५ ग्रॅम सांगितले.

बरोबर आले, मग एवढा खटाटोप कशाला, असे वडिलांना वाटले. मी त्यांना विचारले, फोनने चुकून ७५० सांगितले असते तर? दहापट तीव्र द्रावणाने पाने करपली असती. हिशेब ज्याला येतो त्यालाच ती चूक दिसणार. शेतीत औषधाचे प्रमाण एका दशांश चिन्हाने चुकले तर पीक जाते, कधी माणसावरही बेतते. म्हणून कीटकनाशकाचे किंवा तणनाशकाचे प्रमाण फोनवरून घेऊ नका. डब्यावरचे लेबल वाचा आणि कृषी कर्मचाऱ्याला विचारा. किसान कॉल सेंटर २००४ पासून चालू आहे, १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर फुकट बोलता येते आणि तेथे माणूस मराठीत बोलतो. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये महाविस्तार नावाचे ॲपही आणले आहे, त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतात. पण तेथेही शेंड्याचे पान की बुडाचे, हे सांगायला तुम्हांलाच शेतात जावे लागेल.

घरात काय करता येईल

आई-बापांना फोनमधले काही कळत नाही, मग लक्ष कसे ठेवायचे, असा प्रश्न मला मेळाव्यांत विचारतात. माझे उत्तर असे की, त्याला फोनमधले कळण्याची गरज नाही. रात्री जेवताना लेकराला एवढेच म्हणा, "आज काय शिकलास ते मला समजेल असं सांग." फोन बाजूला ठेवून ते सांगू शकले, तुमच्या प्रश्नाला थांबून, अडखळत का होईना, उत्तर देऊ लागले, तर ते शिकले आहे. वहीत पानभर मजकूर आहे आणि तोंडातून दोन वाक्ये निघत नाहीत, तर ते उतरवून काढले आहे. ही परीक्षा निरक्षर आजीलाही घेता येते. किंबहुना आजीलाच चांगली घेता येते, कारण ती "म्हंजे काय?" असे विचारायला लाजत नाही.

मुलांना यंत्राशी बोलण्याची एक वेगळी रीत शिकवावी. 'उत्तर दे' म्हणण्याऐवजी 'मला उत्तर सांगू नकोस, एकेक प्रश्न विचार आणि मी कुठे चुकतो ते दाखव' असे त्याला सुरुवातीलाच लिहावे. तुर्कस्तानातल्या तिसऱ्या गटाला शिक्षकांनी करून दिले होते, तसेच काहीसे हे घरी करता येते. पण आयते मागितले की ते आयतेही देते, आणि रात्री नऊ वाजता झोप आलेल्या मुलाला मोह होतोच. म्हणून लहान मुलांना फोन एकट्याला देऊ नये, ओसरीवर सर्वांसमोर बसून वापरू द्यावा. आधार क्रमांक, बँकेचे आकडे, मोबाईलवर येणारा ओटीपी, घरच्यांचे फोटो यांतले काहीही त्यात घालू नये, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

आणि एक. यंत्राने सांगितलेली निदान एक गोष्ट रोज स्वतः पडताळून पाहायला लावा. पान उलटून पाहा, मोजून पाहा, कोणाला तरी विचारून ये. खेड्यातल्या मुलाजवळ शहरातल्या मुलापेक्षा हे अधिक आहे: शेत आहे, गोठा आहे, विहीर आहे, आणि सांगायला म्हातारी माणसे आहेत.

त्या मुलीला मी निघताना निबंधाबद्दल एवढेच सुचवले होते. यंत्राला सांग, माझ्या गावाविषयी मला दहा प्रश्न विचार, आणि त्यांची उत्तरे तू गावात फिरून आण. पंधरा दिवसांनी फवारणीचा परिणाम पाहायला गेलो. शेंडे हिरवे झाले होते. मुलीने वही पुढे केली. नवा निबंध जुन्याच्या निम्म्याने होता, अक्षर घाईचे, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले. गावाला नदी नाही, या वाक्याने तो सुरू होत होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आजी जात, तेव्हा मजुरीबरोबर सुकडी मिळे, ती त्या निम्मी लेकरांसाठी बांधून आणीत, हे त्यात होते. ओढ्याकाठच्या सार्वजनिक विहिरीला त्याच साली पाणी लागले आणि ते पाहायला सारा गाव जमला होता, हेही होते.

दहांपैकी एका प्रश्नापुढे जागा मोकळी होती. विहीर किती खोल आहे? तिने गावात चार म्हाताऱ्यांना विचारले, तर चौघांनी चार आकडे सांगितले होते. फोनला ते कळण्याचा प्रश्नच नव्हता.

"मग आता?" मी विचारले.

"बाबा दोरी घेऊन येतो म्हणालेत," ती म्हणाली. आम्ही बोलत असतानाच ते गोठ्यातून दोरी घेऊन आले. टोकाला दगड बांधला. दोरीवर हातागणिक गाठी मारण्याचे काम आजींनी स्वतःकडे घेतले, आणि सगळे विहिरीकडे निघाले.